ग्रेड कोणता लागला?

"साहेब, इथले डॉक्टर म्हणतात चौथ्या ग्रेडचा मार हाय. पाचच ग्रेड असते म्हणे. मंग पाचातला चौथा म्हणजे उरलं काय जी?"

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, पोळा आठ-दहा दिवसांवर आला असताना, एका सालदाराच्या बायकोने जिल्ह्याच्या रुग्णालयातून फोन करून मला हे विचारले. त्याच दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याला कोठ्यात बैलाने ढुशी मारली होती आणि मूत्रपिंडाला मार लागल्याच्या संशयावरून दुपारी मीच त्याला आमच्या ग्रामीण रुग्णालयातून १०८च्या गाडीने पुढे पाठवले होते. "घाबरू नका, चौथा असला तरी बरे होतात," असे मी तिला सांगितले. ते खोटे नव्हते, पण त्याने तिची समजूत पटली नाही, हे तिच्या गप्प होण्यावरून मला कळले. एखाद्या बाईने इतका नेमका प्रश्न विचारावा आणि आपण तिला केवळ धीर देऊन फोन ठेवावा, ही गोष्ट मला पुढे बरेच दिवस बोचत राहिली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात 'ग्रेड' हा शब्द दवाखान्यातून आलेला नाही. तो कापसाच्या खरेदी केंद्रावरून आला आहे. माझे वडील कापसाची बंडी घेऊन केंद्रावर जात, तेव्हा रांगेत दोन-दोन रात्री बंडीखालीच झोपत. नंबर लागला की ग्रेडर यायचा, ढिगात हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, बोटांनी धागा ताणून पाहायचा, कवडी आणि काडीकचरा किती आहे ते बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर आमच्या घरची दिवाळी, दुकानदाराची उधारी आणि बहिणीच्या लग्नाचा महिना ठरत असे. वडील घरी आले की आई पाण्याचा गडवा पुढे करताना एवढेच विचारी, "ग्रेड कोन्ता लागला?" सुतक लागते, नजर लागते, तसा आमच्याकडे ग्रेड लागतो. एका वर्षी खालचा ग्रेड लागला तेव्हा वडील म्हणाले होते, "वरचा कापूस दहिवरानं ओला व्हता, खालचा कोनी पाह्यलाच नाही." मी तेव्हा सातवीत होतो. पुढे डॉक्टर झाल्यावर, मूत्रपिंडाला झालेल्या इजेची प्रतवारी पहिल्यांदा वाचताना मला कापसाची ती बंडीच आठवली होती.

त्या सालदाराच्या बायकोनेही तो शब्द आईच्याच अर्थाने ऐकला. चौथा ग्रेड लागला म्हणजे माल गेला, असे तिला वाटले. शस्त्रक्रियेच्या शास्त्रात मात्र ही प्रतवारी वेगळ्याच गरजेतून जन्माला आली. १९८०च्या दशकापर्यंत एका रुग्णालयातला सर्जन 'मूत्रपिंडाला मोठी इजा' असे लिही आणि दुसऱ्या रुग्णालयातला त्याच शब्दांनी काहीतरी निराळेच सांगत असे, त्यामुळे कोणाचा उपचार चांगला आणि कोणाचा वाईट याची तुलना होऊच शकत नव्हती. म्हणून अमेरिकेतल्या आघात-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने अवयवांच्या इजांची मोजपट्टी ठरवण्यासाठी १९८७ साली एक समिती नेमली आणि १९८९ साली डॉ. अर्नेस्ट मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड या तीन अवयवांसाठी श्रेणी प्रसिद्ध केली, त्यात मूत्रपिंडाची श्रेणी एक ते पाच अशी आहे. एकमेकांना न पाहिलेल्या दोन डॉक्टरांनी 'तीन' म्हटले तर दोघांच्या डोळ्यांपुढे साधारण एकच चित्र यावे, एवढाच त्यामागचा मूळ हेतू होता. अवयव कसा आणि किती फाटला आहे याचे ते वर्णन आहे. माणूस वाचेल की नाही, हे त्या आकड्याला कोणी विचारलेले नव्हते, जरी पुढे अनेक अभ्यासांत असे दिसले की आकडा चढत जातो तशी शस्त्रक्रियेची आणि मूत्रपिंड गमावण्याची शक्यताही चढत जाते.

ते चित्र समजण्यासाठी मूत्रपिंड कुठे आणि कसे बसले आहे ते आधी पाहावे लागेल. ते पोटाच्या पोकळीत नसते, तिच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला असते. दहा-बारा सेंटिमीटर लांब, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचे, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांतून वाहत असतो. त्याला स्वतःची पातळ, घट्ट साल असते, तिच्याभोवती चरबीची गादी असते आणि त्या गादीभोवती एक मजबूत पडदा असतो. या पडद्याचे वर्णन दिमित्री गेरोटा या रुमानियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९५ साली केले, म्हणून त्याला गेरोटाचे आवरण म्हणतात. मूत्रपिंड फाटले आणि हे आवरण शाबूत राहिले, तर रक्त त्या पिशवीतच साचते, आतला दाब वाढतो आणि पुष्कळदा त्या दाबानेच रक्तस्राव थांबतो. पूर्वी सर्जन पोट उघडून ती पिशवी मोकळी करत, दाब सुटे, रक्त पुन्हा वाहू लागे आणि जीव वाचवण्यासाठी ते मूत्रपिंड काढूनच टाकावे लागे. न उघडता थांबण्याचे धाडस अलीकडच्या काही दशकांतले आहे. सीटी स्कॅनमुळे आत काय झाले आहे ते बाहेरून दिसू लागले म्हणून ते शक्य झाले.

सालदाराच्या पोटात काय झाले होते ते मला सकाळी दिसत नव्हते. मालकाच्या मुलाने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले होते आणि मागे बसलेल्या बायकोच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. बाटलीत त्याची लघवी होती, गडद लाल. तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "लाल होऊन राह्यली जी." बाटली आणण्याचे तिला कोणी सांगितले नव्हते. या बाईचे मला आजही कौतुक वाटते, कारण घरून निघताना पाहिलेला रंग नातेवाईक शब्दांत सांगतात तेव्हा चहासारखा, काथासारखा, कुंकवासारखा असे दहा रंग होतात, आणि तिने तो रंगच माझ्यापुढे आणून ठेवला होता.

त्याने सांगितले ते असे. कोठ्यात दावे सोडताना बैलाच्या डोळ्यावर माशी बसली, त्याने मान झटकली, शिंगाचा बाक डाव्या कुशीत बसला आणि हा गव्हाणीच्या कडेवर आदळला. "बैलाचा दोष नाही साहेब," हेही त्याने आवर्जून सांगितले. कातडी फाटलेली नव्हती, अकराव्या बरगडीवर हातभर खरचटले होते आणि तिथे बोट लावू देत नव्हता. नाडी ११२, रक्तदाब १०४ वर ७०. त्या घडीला आमच्याकडे सोनोग्राफी करणारे कोणी नव्हते, आणि असते तरी तिच्यावर मी विसंबलो नसतो. पोटाच्या पोकळीत रक्त सांडले असेल तर सोनोग्राफी ते चटकन दाखवते, पण मूत्रपिंडाच्या मागच्या जागेत साचलेले रक्त तिच्यातून निसटते, आणि साचलेला द्रव रक्त आहे की लघवी, हे तर तिला ओळखताच येत नाही. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या, रक्तातल्या क्रिएटिनिनचाही पहिल्या काही तासांत उपयोग नसतो, कारण एक मूत्रपिंड फाटले तरी दुसरे निमूटपणे काम करत राहते आणि आकडा जागचा हलत नाही. तो आकडा सुरुवातीलाच चढलेला दिसला, तर मूत्रपिंडांत आधीपासून काही बिघाड होता असे धरून चालावे लागते.

मग आमच्यासारख्या ठिकाणी हातात उरते काय? नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बोटांना लागणारी कूस आणि लघवी. लघवीसाठी आमच्या जुन्या सिस्टरांनी मला एक पद्धत शिकवली होती आणि ती मी अजून सोडलेली नाही. प्रत्येक वेळच्या लघवीतून थोडी काचेच्या नळीत घ्यायची, नळीवर वेळ लिहायची आणि सगळ्या नळ्या खिडकीत ओळीने उभ्या करायच्या. उजेड मागून येतो आणि रंग फिका होत चालला आहे की गडद, हे मावशींनाही दारातून दिसते. त्या दिवशी गाडी येईपर्यंत दोनच नळ्या उभ्या राहिल्या आणि दुसरी पहिलीपेक्षा गडद होती. दोन्ही हातांना सलाईन लावून, रक्तगट तपासून, जिल्ह्याला फोन करून मी त्याला पाठवले. चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे ठळक अक्षरांत लिहिले, 'सीटी स्कॅन डाय देऊन, उशिराच्या फिल्मसह.'

हे शेवटचे दोन शब्द मी का लिहितो, त्याचे कारण एक मुलगा आहे.

मी बंधपत्राच्या सेवेत होतो, दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात. चिंचा पाडायला चढलेला दहा-अकरा वर्षांचा पोट्टा वीसेक फुटांवरून पडला आणि सरळ उभा राहून घरी चालत गेला. आईने संध्याकाळी आणला. रक्तदाब अगदी व्यवस्थित होता, पोट मऊ होते, उजव्या कुशीला थोडे खरचटले होते. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होती आणि पट्टीवरही रक्त आले नाही. मी आईला सांगितले, "काही नाही, मुका मार आहे, घरी न्या." तिने नेले नाही. "रातभर ठिवा ना जी, त्याचं तोंड मले बरोबर दिसत नाही," एवढेच ती म्हणत राहिली आणि मी तिच्या समाधानासाठी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला ताप चढला, उजवी कूस फुगली आणि तो उलट्या करू लागला. नागपूरला मेडिकलमध्ये सीटी झाला, तेव्हा सुरुवातीच्या फिल्ममध्ये मूत्रपिंड जवळजवळ अखंड दिसले. दहा मिनिटांनी काढलेल्या फिल्ममध्ये मात्र मूत्रपिंडाने गाळलेला डाय, म्हणजे शिरेतून दिलेले, फिल्मवर उजळ दिसणारे औषध, मूत्रवाहिनीत न उतरता बाहेर पसरलेला दिसला. पडताना शरीर अचानक थांबले, मूत्रपिंडाला हिसका बसला आणि मूत्रवाहिनी त्याच्यापासून सुरुवातीलाच तुटून वेगळी झाली होती. लघवी स्वच्छ होती, कारण ती डाव्या बाजूची होती. उजव्या बाजूची लघवी मूत्राशयात पोहोचतच नव्हती.

हा चौथा ग्रेड. शस्त्रक्रिया करून मूत्रवाहिनी पुन्हा जोडली गेली आणि मूत्रपिंड वाचले. यश त्या सर्जनांचे, आणि त्यांच्याही आधी त्या माउलीचे. माझ्या वाट्याला आलेली चूक मी इथे स्पष्ट लिहितो, कारण ती करणारा मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नसेन. लघवीत रक्त नाही म्हणजे मूत्रपिंड शाबूत, असे मी धरले होते. मूत्रवाहिनी तुटली किंवा मुख्य रक्तवाहिनीच गोठून बंद झाली, तर लघवीत रक्ताचा थेंबही नसू शकतो. दुसरी चूक म्हणजे लहान मुलाच्या चांगल्या रक्तदाबावर मी ठेवलेला विश्वास. मुले बरेच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरतात आणि मग एकाएकी कोसळतात. शिवाय त्यांचे मूत्रपिंड शरीराच्या मानाने मोठे, भोवतीची चरबी कमी आणि बरगड्या लवचिक असतात, म्हणून मोठ्या माणसाला जेमतेम जाणवेल अशा आघाताने त्यांचे मूत्रपिंड फाटू शकते. मोठ्या माणसाच्या बाबतीत लघवी डोळ्यांना लाल दिसत असेल, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली रक्त असून वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला असेल, तर सीटी करावाच, हा नियम आता रुळलेला आहे. पण त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की उंचावरून पडणे, वाहनाची जोराची धडक, कुशीवरचा मार, तुटलेली खालची बरगडी यांपैकी काही असेल तर लघवीची वाट पाहू नये. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा माझ्या लक्षात त्या मुलामुळे राहिला.

वडिलांच्या बंडीत खालचा कापूस कोणी पाहिला नव्हता. उशिराची फिल्म म्हणजे खालचा कापूस पाहणे आहे. डाय शिरेतून गेल्यावर आधी धमन्या उजळतात, मग मूत्रपिंडाचा गर उजळतो आणि काही मिनिटांनी, मूत्रपिंडाने डाय गाळून खाली सोडल्यावर, लघवीची वाट उजळते. रात्री दोन वाजता, एकच तंत्रज्ञ आणि बाहेर पाच रुग्ण थांबलेले असताना, पहिल्या दोन टप्प्यांवरच स्कॅन संपवण्याचा मोह कोणालाही होईल. पण तिसरा आणि चौथा ग्रेड यांच्यातली एक मुख्य सीमारेषा नेमकी त्या शेवटच्या मिनिटांत दिसते.

सीमारेषा कशा आखल्या आहेत ते आता सांगतो. सालीखाली रक्त साचले किंवा गर नुसता चेचला गेला, फाटला नाही, तर तो पहिला ग्रेड. फाटले, पण एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी खोल, किंवा सालीबाहेर पण गेरोटाच्या पिशवीच्या आतच रक्त साचले, तर दुसरा. फाट एक सेंटिमीटरहून खोल गेली, पण लघवीच्या वाटेपर्यंत पोहोचली नाही, तर तिसरा. लघवीची वाट फाटून लघवी बाहेर झिरपू लागली की चौथा. मूत्रपिंडाचा चुराडा होऊन त्याची रचनाच ओळखू येईनाशी झाली, किंवा मुख्य धमनी वा शीर फाटली, तर पाचवा. २०१८ साली या श्रेणीत सुधारणा झाली आणि सीटीवर दिसणाऱ्या रक्तस्रावाला तिच्यात मानाचे स्थान मिळाले. रक्त अजून वाहते आहे पण पिशवीच्या आत आहे, किंवा धमनीच्या भिंतीला फुगा आला आहे, तर किमान तिसरा ग्रेड, आणि तेच रक्त पिशवी ओलांडून बाहेर जाते आहे तर चौथा. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. मूळ श्रेणीचा भर फाट किती खोल आहे यावर होता, आणि खाटेवरच्या माणसासाठी ते भोक अजून गळते आहे का हे अधिक महत्त्वाचे असते.

तरीही एकाच आकड्याखाली किती वेगळी माणसे येतात! चिंचेवरून पडलेल्या मुलाचा चौथा आणि सालदाराचाही चौथाच. मुलाची मूत्रवाहिनी पूर्ण तुटली होती, ती आपोआप जुळणे शक्य नव्हते, म्हणून शस्त्रक्रिया अटळ होती. सालदाराचा गर आरपार फाटून लघवी थोडी झिरपत होती, पण मूत्रवाहिनी सलग होती, उशिराच्या फिल्ममध्ये डाय खाली उतरताना दिसत होता, रक्त पिशवीत अडले होते आणि ताजा रक्तस्राव नव्हता. अशी झिरपण पुष्कळदा आपोआप बंद होते आणि नाही झाली तर आतून एक बारीक नळी, म्हणजे स्टेंट, टाकून तिला मदत करता येते. एकाला सुरी लागली, दुसऱ्याला फक्त पडून राहणे. म्हणून आज कोणी मला फोनवर 'चौथा आहे' असे सांगितले की मी लगेच विचारतो, कशामुळे चौथा? गुठळी केवढी आहे? फाट आतल्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बाजूला आहे की बाहेरच्या? ताजे रक्त दिसते का? मूत्रपिंडाभोवतीची गुठळी साडेतीन सेंटिमीटरहून जाड असेल, फाट आतल्या बाजूला असेल आणि डाय धमनीबाहेर सांडताना दिसत असेल, तर हस्तक्षेपाची वेळ येण्याचा संभव बराच वाढतो, असे २०१०च्या सुमारास अभ्यासकांनी दाखवले. यांपैकी गुठळीची जाडी आणि फाटेची बाजू एक ते पाच या आकड्यांत कुठेच बसत नाहीत. त्या बाईचा 'उरलं काय' हा प्रश्न खरे तर या तपशिलांना होता, आणि तिला मी त्या दिवशी असे सांगायला हवे होते: "बाई, किडनी फाटली आहे, पण रक्त थांबलं आहे, लघवीची नळी जागेवर आहे आणि दुसरी किडनी चांगली आहे. आता त्याला हलू द्यायचं नाही."

पाचवा ग्रेड मी जवळून एकदाच पाहिला. उसाची ट्रॉली उलटून ट्रॅक्टरखाली आलेला तरुण होता. रक्तदाब लागत नव्हता. त्याच्या बाबतीत आकडा काढायला वेळच नव्हता. पोट उघडल्यावर सर्जनांना दिसले ते वर्णन मागाहून पाचव्या ग्रेडमध्ये बसले. त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले आणि तो जगला.

मूत्रपिंडाच्या इजेला आमच्या खात्यात आणखी एक प्रतवारी लावावी लागते, तिचा उल्लेख केल्याशिवाय ग्रामीण रुग्णालयातले चित्र पुरे होणार नाही. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात एका मध्यमवयीन शेतकऱ्याच्या कुशीत चुलतभावाची काठी बसली. सालीखाली लहानशी गुठळी, म्हणजे पहिला ग्रेड. पोलीस ठाण्याचे जमादार प्रमाणपत्राचा कागद घेऊन उभे होते आणि त्यांना एकच शब्द हवा होता, साधी की गंभीर. "एक नंबर म्हणजे साधीच ना साहेब?" कायद्याची मोजपट्टी मात्र फाटेची खोली विचारत नाही. जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३२० मध्ये, जिवाला धोका निर्माण करणारी किंवा माणसाला २० दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी अथवा त्याला रोजच्या कामापासून दूर ठेवणारी दुखापत गंभीर मानली जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते दिवस १५ झाले आहेत. सर्जनचा पहिला ग्रेड शेतमजुराला पंधरा दिवस नांगरामागे जाऊ देत नसेल, तर कायद्याच्या नजरेत तो लहान राहत नाही. मी अभिप्राय राखून ठेवला आणि पंधराव्या दिवशी पुन्हा तपासून मगच लिहिले. दोन्ही घरांतली माणसे तेवढे दिवस माझ्यावर नाराज होती. घाईने लिहिलेला एक शब्द त्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या तारखांमध्ये वाचला जाणार होता, म्हणून ती नाराजी मी सोसली.

एक खुलासा इथेच करतो. 'किडनी इन्ज्युरी' हे शब्द घोणस चावल्यावर किंवा उन्हाच्या तडाख्यात लघवी आटल्यावरही ऐकू येतात. ती इजा आघाताची नाही. तिचे तीन टप्पे २०१२ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी क्रिएटिनिन आणि तासागणिक होणाऱ्या लघवीवरून ठरवले आहेत. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. 'तिसऱ्या टप्प्याची किडनी इन्ज्युरी' असे लिहिलेला कागद घेऊन नातेवाईक येतात आणि शेजारच्या खाटेवरच्या तिसऱ्या ग्रेडशी त्याची तुलना करतात, हे मी पाहिले आहे.

सालदार अकरा दिवस जिल्ह्याला पडून होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा सीटी झाला आणि लघवीची झिरपण कमी झालेली दिसली. सहाव्या दिवशी लघवीचा रंग निवळला. पोळ्याच्या दिवशी त्याने वॉर्डातून मालकाला फोन करून त्याच बैलाची खांदमळणी नीट झाली का, असे विचारल्याचे बायकोने मला सांगितले. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी जड काम करायचे नाही असे लिहून दिले होते, पण किती दिवस ते कागदावर नव्हते, म्हणून तो माझ्याकडे आला. मी तीन महिने म्हटले. दोघे एकमेकांकडे पाहू लागले. सालदारकी गुढीपाडव्याला ठरते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. डवरणी, फवारणी, वेचणी हे सगळे त्याच तीन महिन्यांत येते. फाटेची खोली सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या कोणत्याही श्रेणीत हा हिशेब नाही आणि तो तिथे असावा अशी अपेक्षाही नाही, पण तो आमच्या टेबलावर रोज असतो. मालकाला बोलावून घेऊन मी त्याला मूत्रपिंडाचे चित्र काढून दाखवले आणि पहिल्या काही आठवड्यांत ही खपली निघाली, तर रात्री-बेरात्री अचानक रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो, हे स्वच्छ शब्दांत सांगितले. त्याने राखणीचे काम द्यायचे कबूल केले.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली आणि ती आशाताईंच्या वहीत लिहून दिली. १९३९ साली अर्विन पेज या संशोधकाने प्राण्यांच्या मूत्रपिंडाला सेलोफेनच्या कागदात गुंडाळून पाहिले, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. मूत्रपिंडाभोवती साचलेले रक्त घट्ट होऊन त्याला आवळू लागले तरी तसेच होते, आणि हे कधी आठवड्यांनी, कधी वर्षांनीही लक्षात येते. आकडा फाईलमध्ये बंद झाल्यावरही म्हणून रक्तदाब मोजत राहावा लागतो. चाळिशीतल्या धडधाकट सालदाराचा रक्तदाब एरवी कोण मोजतो?

कार्तिकात तो आला, तेव्हा घरी येऊन अकरा आठवडे झाले होते. बायको वेचणीतून थेट आली होती, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले होते. आशाताईंच्या वहीत अकरा मंगळवारचे अकरा आकडे होते, सगळे १३०च्या आतले. मी त्याची कूस दाबून पाहिली, लघवी तपासली आणि वहीत बारावा आकडा लिहिला, १२४ वर ७८.

"आता ग्रेड कोन्ता जी?" तिने विचारले.

या वेळी मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला सांगितले की कागदावर तो चौथाच राहणार, कारण तो त्या सकाळी किती फाटले होते याची नोंद आहे. आज काय आहे ते या वहीत आणि या नळीत आहे. तिने नळी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"मंग कापसाचं गाठोडं उचलू का?" त्याने विचारले.

"अजून दोन आठवडे नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या दोन मंगळवारच्या तारखा वहीत लिहून दिल्या.